कुरिअरला देण्याआधी चावीचं घड्याळ कसं तपासावं

साताऱ्याहून घड्याळ पाठवायचं तर दोन दिवस हाताशी ठेवा. पूर्ण चावी द्या, अर्धा तास चालू द्या आणि मगच टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) लावा. ताज्या चावीचा आकडा फसवा असतो. लिफ्ट अँगल, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या ढकलीत बॅलन्स (घड्याळातलं झुलणारं चाक) जेवढा फिरतो तो कोन, त्यात आधी भरा. घड्याळांच्या बऱ्याच मशीनचा 52 अंशांच्या आसपास असतो; तो चुकला की बॅलन्स किती अंश झुलतो तो आकडा, म्हणजे अॅम्प्लिट्यूडही खोटी येते. हाताने चावी द्यायच्या जुन्या एचएमटीचे ठोके तासाला 18,000.

डायल वर, डायल खाली, मग चावीचं बोंड (क्राउन) खाली, वर, डावीकडे. प्रत्येक स्थितीत निदान एक मिनिट. अॅम्प्लिट्यूड आडव्यात 270 ते 300 अंश हवी, उभ्यात तीस-चाळीस कमी चालतील. त्याहून पडले तर बॅलन्सचे पिव्हट (आसाची टोकं) आणि तेल बघा. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) 0.8 मिलिसेकंदांच्या आत. चोवीस तासांनी चावी न देता पुन्हा मोजा. 200 अंशांच्या खाली आलेलं घड्याळ परत टेबलावर.

दिवसाला काही मिनिटं पुढे पळत असेल तर लगेच खोलू नका. होकायंत्र जवळ धरा. सुई ठोक्यागणिक थरथरली तर हेअरस्प्रिंगला (बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगला) चुंबक लागलंय, चुंबकत्व घालवणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर एका मिनिटाचं काम.

तारीख रात्री बाराला बदलते का आणि काटे एकमेकांना घासतात का, तेही पाहून घ्या.

पावसाळ्यात मागचं झाकण दमट हवेत बंद झालेलं असतं. घड्याळ चाळीसेक अंशांपर्यंत गरम करा, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून धुकं दिसलं तर पाठवू नका.