नव्या पात्याचा नमुना गिऱ्हाईकाला धरून कसा ठरवायचा

संध्याकाळी हर्णैच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव आटोपला की मासे कापून देणाऱ्या बायकांभोवती गर्दी होते. माझं निम्मं शिक्षण तिथं बसून झालं. त्याआधी आयटीआयला फिटर केलं होतं, मग तीन वर्षं एका वयस्क लोहाराकडे भाता ओढला, घण मारला. दापोलीजवळ स्वतःची भट्टी घातली तेव्हा वाटायचं, आता कुठलंही पातं आपण काढू. नव्यानं या कामात येणारी मुलं मला विचारतात, नवीन डिझाइन कसं सुचतं? मला तरी एकट्याला बसून कधी सुचलेलं नाही.

सुरमई कापायच्या कोयत्याचं सांगतो. एक मावशी म्हणाल्या, “हलका पडतो रे, जड कर.” मी ६ मिलिमीटरच्या पट्टीऐवजी ८ची घेतली. दोन दिवसांत कोयता परत. “मनगट धरलं माझं!” मग एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्या पातं माशाच्या काट्यावर टेकवतात आणि पाठीवर लाकडी दांडक्याचा ठोका देतात. जोर सगळा दांडक्याचा. माझ्या कोयत्याचं वजन मुठीकडे होतं, म्हणून प्रत्येक ठोक्याला टोक उचलायचं, आणि ते दाबून धरण्यात मनगट जायचं. घरी येऊन पुन्हा ६ची पट्टी घेतली, टोकाकडे पातं दोन बोटं रुंद ठेवलं, मुठीकडे निमुळतं केलं. वजनकाट्यावर तो ८च्या कोयत्यापेक्षा बराच कमी भरला. मावशींनी हातात घेतला, एक डोकं उडवलं आणि म्हणाल्या, “हा बघ, आता जड झाला.”

तेव्हापासून मी नुसतं विचारून काम सुरू करत नाही. आधी प्लायवूडच्या फळीचे तीन आकार कापतो. तीनच, जास्त ठेवले तर माणूस गोंधळतो आणि शेवटी ‘तुम्हीच ठरवा’ म्हणतो. फळी हातात द्यायची ती ओल्या हातात. मासे कापणाऱ्याचा हात कोरडा नसतो. खवले आणि बुळबुळीत पाणी असतंच. बोटांभोवती पेन्सिल फिरवली की मुठीची लांबी कळते, करंगळी घसरते का तेही दिसतं. घसरत असेल तर मुठीच्या शेवटाला खाली वाक द्यावा. पसंत पडलेला आकार मग माइल्ड स्टीलमध्ये, म्हणजे साध्या मऊ पोलादात काढतो, पाणी न देता, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक न करता. धार एका संध्याकाळीत बोथटते, पण आकार चुकलाय का ते स्वस्तात कळतं.

त्यानंतर खऱ्या पोलादाचे दोन नमुने, एकाच्या मुठीला लाल दोरा, दुसऱ्याच्या हिरवा, आठ दिवस वापरायला. मधे फोन करत नाही. परत आले की पातं उजेडात धरायचं. धार बोथटलेली जागा चमकते. एका नमुन्यात पोटाकडची तीन बोटं धार वापरलेली होती, बाकी मी दिली तशीच. बाईंनी ‘छान आहे’ एवढंच सांगितलं होतं. मी पुढच्या कोयत्याची लांबी कमी केली. मूठ आणि पात्याच्या सांध्यात गंज दिसला तर तिथं खारं पाणी साचतंय, ती फट बुजवायला हवी.

या चाचण्यांना गाड्यांच्या स्प्रिंगचे जुने कमानपाटे घेऊ नका. त्यांत न दिसणारे तडे असतात, आणि प्रत्येक पाट्याची जात वेगळी निघाली तर फरक आकाराचा की पोलादाचा हे कळत नाही. एकाच लॉटची नवी पट्टी आणा.

गिऱ्हाईकाला काय ठरवू द्यायचं नाही, हे मी वाईट अनुभवातून शिकलो. एका खानावळीच्या आचाऱ्याला महिनाभर न उतरणारी धार हवी होती. स्प्रिंग स्टीलचं पातं. तापवलेलं पोलाद ७७० अंशांच्या आसपास चुंबकाला चिकटेनासं होतं, तिथून थोडं वर, ८३०-८५० पर्यंत नेऊन तेलात पाणी दिलं. ते बरोबरच होतं. पुढे पातं ठिसूळ राहू नये म्हणून परत तापवून कडकपणा उतरवायचा, तो माशाच्या डोक्यावर घाव घालणाऱ्या पात्याला मी २५० अंशांपर्यंत तापवून उतरवतो. त्यांच्या आग्रहाखातर १८० वर थांबलो. चौथ्या दिवशी धारेची चंद्रकोरीसारखी कपची उडाली. ती त्यांना मासा धुताना सापडली, नाहीतर कुणाच्या ताटात गेली असती. त्या रात्री मला झोप लागली नाही. आता आकार, मूठ, वजन हे गिऱ्हाईक ठरवतं. पोलाद, पाणी आणि धारेचा कोन मी.

नारळ-सुपारीवर चढणाऱ्यांचा कोयता कमरेच्या आकडीत अडकवलेला असतो. त्यांना फळी हातात देऊन भागत नाही. आकडीत अडकवून चार पावलं चढायला सांगा, टोक मांडीला लागतं का बघा. आणि डावखुऱ्याला आवर्जून विचारा. एकाच बाजूनं धार लावलेला कोयता डाव्या हातात घाव सोडून बाहेर सरकतो. इतकी वर्षं गुपचूप तसाच वापरणारे दोघे मला भेटले. धार दुसऱ्या बाजूनं लावून दिली तेव्हा त्यातले एक आजोबा बराच वेळ नुसती झावळं तोडत बसले होते.

शोभेचा खंजीर, तलवार मागणारेही येतील. घरकाम, शेती, उद्योगासाठी नसलेलं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पातं शस्त्र कायदा, १९५९ खालच्या नियमांत शस्त्र धरलं जातं. ते काम मी घेत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कापणाऱ्या बायकांना तेव्हा वेळ असतो, फळ्यांचं काम मी त्या दोन महिन्यांत उरकतो. पक्के नमुने मात्र बोटी सुटल्यावरच देतो; सुक्या बांगड्यावर सुरमईचा कोयता कळत नाही.