बांधकाम व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी पात्र कसे व्हावे

बांधकाम व्यवस्थापनाची व्यावसायिक प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था उमेदवाराला थेट परीक्षेला बसू देत नाहीत. आधी अर्ज करायचा, मग त्याची छाननी होते, आणि शिक्षण व अनुभव नियमांत बसत असल्याची खात्री पटल्यावरच परीक्षेची तारीख घेता येते. साइटवर उमेदीची वर्षे घालवलेले इंजिनिअर या पहिल्याच पायरीवर अडतात, तेव्हा त्याचे कारण बहुधा एकच असते: केलेल्या कामाची महिनावार नोंद त्यांच्याकडे नसते. म्हणून अभ्यासाची पुस्तके विकत घेण्याआधी नोंदीचे काम हाती घ्यावे.

सुरुवात अर्थातच परीक्षेच्या निवडीपासून होते. ‘कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही संस्था १९८२ साली स्थापन झाली आणि तिच्याशी संलग्न असलेली प्रमाणन संस्था ‘सर्टिफाइड कन्स्ट्रक्शन मॅनेजर’, म्हणजे सीसीएम, हे प्रमाणपत्र देते. ते खास बांधकाम व्यवस्थापनाचे आहे आणि अनुभवाच्या बाबतीत कडक आहे. १९६९ साली स्थापन झालेल्या ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट’चे, म्हणजे पीएमआयचे, ‘प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल’ (पीएमपी) हे प्रमाणपत्र सर्व क्षेत्रांतल्या प्रकल्प व्यवस्थापकांसाठी असले, तरी बांधकाम क्षेत्रातले अनेक जण तेच घेतात. ब्रिटनमधील ‘चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ बिल्डिंग’चे सदस्यत्व हा तिसरा मार्ग असून त्यात उमेदवाराच्या व्यावसायिक क्षमतेचे मूल्यमापन केले जाते. ज्या प्रकारच्या मालकासाठी, सल्लागारासाठी किंवा कंत्राटदारासाठी पुढची दहा वर्षे काम करायचे आहे, तेथील निविदांमध्ये आणि नोकरीच्या जाहिरातींमध्ये कोणते प्रमाणपत्र मागितले जाते, हे पाहूनच निवड करावी. एकाच वेळी दोन अर्ज भरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण प्रत्येक संस्था अनुभव वेगळ्या साच्यात मागते आणि दोन्ही अर्ज अर्धवट राहतात.

आता पात्रतेचे मूळ गणित पाहू. बांधकामाशी संबंधित चार वर्षांची पदवी असलेल्या उमेदवाराकडून सीसीएमसाठी जबाबदारीच्या पदावरचा ४८ महिन्यांचा अनुभव अपेक्षित असतो. पदवी नसल्यास या ४८ महिन्यांखेरीज रचना (डिझाइन) किंवा बांधकाम क्षेत्रातला आठ वर्षांचा सर्वसाधारण अनुभवही दाखवावा लागतो. पीएमपीसाठी चार वर्षांची पदवी असल्यास प्रकल्पाचे नेतृत्व केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, तर केवळ माध्यमिक शिक्षण झालेल्यांना ६० महिन्यांचा अनुभव दाखवावा लागतो. त्याच्या जोडीला प्रकल्प व्यवस्थापनाचे ३५ तासांचे औपचारिक प्रशिक्षणही हवे. ज्यांच्या गाठीशी अजून अनुभवच नाही, त्यांनी थांबून राहण्याचे कारण नाही. पीएमआयच्या ‘सर्टिफाइड असोसिएट इन प्रोजेक्ट मॅनेजमेंट’ (सीएपीएम) या प्रवेश पातळीच्या प्रमाणपत्रासाठी अनुभवाची अट नाही, २३ तासांचे प्रशिक्षण पुरते, आणि ते प्रमाणपत्र हाती असल्यास पुढे पीएमपीच्या ३५ तासांची अट पूर्ण झाल्याचे मानले जाते. हे नियम वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्जाच्या वर्षी लागू असलेली उमेदवार पुस्तिका संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावी. सहकाऱ्याने सांगितलेली अट तीन वर्षांपूर्वीची असू शकते.

महिने मोजताना सर्वाधिक गोंधळ होतो तो एकाच काळात चाललेल्या दोन प्रकल्पांमुळे. समजा, एक इमारत जानेवारी ते ऑक्टोबर आणि दुसरी जुलै ते पुढच्या मार्चपर्यंत तुमच्याकडे होती. पहिलीचे १० आणि दुसरीचे ९ असे मिळून १९ महिने होतात असे वाटते, परंतु जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने दोन्हीकडे आले आहेत. पीएमपीच्या अर्जात असे महिने एकदाच धरले जातात, म्हणून प्रत्यक्ष अनुभव १५ महिन्यांचाच ठरतो. यासाठी सर्व प्रकल्प एका बारचार्टवर मांडावेत. आडव्या रेघा एकाखाली एक आल्या की कोणता महिना दोनदा मोजला गेला आणि कोणता कोठेच धरला गेला नाही, हे लगेच दिसते. दोन प्रकल्पांच्या मधला रिकामा काळ झाकण्यासाठी तारखा पुढेमागे करू नयेत. छाननीत ती गोष्ट उघड झाली तर अर्ज तर जातोच, शिवाय पुढच्या अर्जाचीही वाट अवघड होते.

यानंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे: कोणते काम जबाबदारीचे मानले जाते? पदाचे नाव येथे फारसे उपयोगी पडत नाही. ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ असे पद असूनही केवळ अहवाल पुढे पाठवणारा उमेदवार कमी पडू शकतो, तर ‘सीनियर इंजिनिअर’ या पदावर राहून वेळापत्रक ठरवणारा, बिले तपासणारा आणि उपकंत्राटदारांच्या बैठका चालवणारा उमेदवार पात्र ठरू शकतो. निर्णय तुमचा होता का, आणि त्याच्या परिणामाला तुम्ही उत्तरदायी होता का, हीच खरी कसोटी आहे. सीसीएमची चौकट तर उमेदवाराचा अनुभव एका तक्त्यात दोन दिशांनी तपासते. रचनेपूर्वीचा टप्पा, रचना, खरेदी व निविदा, प्रत्यक्ष बांधकाम आणि हस्तांतरणानंतरचा टप्पा ही एक दिशा. खर्च, वेळ, गुणवत्ता, करार-प्रशासन, सुरक्षितता आणि जोखीम यांसारखी कार्ये ही दुसरी. ज्याने आयुष्यभर केवळ स्लॅब ओतण्यावर लक्ष ठेवले आहे, त्याचे प्रत्यक्ष बांधकामाचे रकाने भरगच्च आणि निविदा व हस्तांतरणाचे रकाने कोरे राहतात. अशी पोकळी दिसली तर अर्ज रेटण्यापेक्षा चालू प्रकल्पातच आपल्या वरिष्ठांकडे ते काम मागून घ्यावे: निविदांचे तौलनिक विवरण तयार करणे, त्रुटींची यादी बंद करणे, अंतिम बिलाचा ताळमेळ घालणे. माझ्या मते पात्रतेच्या तयारीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, कारण त्यातून अर्ज तर पुढे सरकतोच, पण माणूसही आपल्या कामात घडतो.

अनुभवाचे वर्णन कसे लिहावे, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. ‘मोठ्या निवासी प्रकल्पावर साइट इंजिनिअर म्हणून सर्व कामांची देखरेख केली’ हे वाक्य छाननी करणाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘तळघर आणि १४ मजल्यांच्या निवासी इमारतीच्या आरसीसी कामाचे साप्ताहिक वेळापत्रक मी तयार केले, सळई आणि शटरिंगच्या दोन उपकंत्राटदारांच्या कामाचा क्रम ठरवून दिला, ड्रॉइंगमधील विसंगतीमुळे दोन मजल्यांचे काम अडले असता मुदतवाढीची मागणी नोंदींसह तयार करून सल्लागारासमोर मांडली, रनिंग बिले मोजमाप पुस्तकावरून तपासून मंजुरीस पाठवली.’ या वाक्यांत प्रत्येक क्रियापदाचा कर्ता उमेदवार आहे, आणि प्रत्येक गोष्टीमागे एखादा कागद आहे. वर्णनात ‘आम्ही’ आणि ‘मदत केली’ हे शब्द जितके कमी येतील तितके बरे. कामाचा आवाका, करारातली तुमची भूमिका, उद्दिष्ट आणि परिणाम एवढे आले की परिच्छेद पुरा होतो. वर्णन फुगवू नये.

असे लिहिता यावे म्हणून नोंदवही रोजच्या कामाबरोबरच ठेवावी. दर महिन्याच्या शेवटी अर्धा तास काढून प्रकल्पाचे नाव, मालक व कंत्राटदार, कराराचा प्रकार, त्या महिन्यात तुम्ही घेतलेले निर्णय आणि ते पाहिलेल्या वरिष्ठाचे नाव एवढे लिहून ठेवले तरी पुरे. कंपनीचे गोपनीय कागद घरी नेऊ नयेत. नोंद आपल्या शब्दांत असावी. नोकरी सोडताना अनुभवपत्रात केवळ रुजू झाल्याच्या व सोडल्याच्या तारखा न घेता प्रकल्पांची नावे आणि जबाबदाऱ्याही लिहून मागाव्यात. त्या दिवशी सहज मिळणारे हे पत्र पाच वर्षांनी, कंपनीचे नाव किंवा मालकी बदलल्यावर, मिळवणे फार जिकिरीचे होते.

साक्षीदारांची निवडही याच विचाराने करावी. तुमच्या कामाची खात्री देणारी व्यक्ती मोठ्या हुद्द्यावर असण्यापेक्षा तिने ते काम जवळून पाहिलेले असणे महत्त्वाचे आहे. अर्जात नाव देण्यापूर्वी त्यांना फोन करावा, तुम्ही लिहिलेले वर्णन पाठवावे आणि त्यातली एखादी गोष्ट त्यांना पटत नसेल तर ती दुरुस्त करावी. पीएमआय काही अर्ज यादृच्छिक पद्धतीने तपासणीसाठी निवडते आणि मग पदवीच्या प्रती, प्रशिक्षणाचे दाखले व अनुभवाला वरिष्ठांचा दुजोरा मागते. साक्षीदाराशी आधी बोललेले असेल तर हे सर्व काही दिवसांत उरकते, नसेल तर परदेशी गेलेल्या माजी वरिष्ठाच्या उत्तराची वाट पाहण्यात मुदत सरते. पासपोर्टवरचे नाव, पदवीवरचे नाव आणि अर्जातले नाव यांत फरक असल्यास तोही आधीच मिटवावा, कारण परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव जुळावे लागते.

अर्ज तयार होत असतानाच अभ्यासाची दिशा ठरवता येते, कारण रकाने भरताना आपली कच्ची बाजू समोर आलेली असते. साइटवरच्या इंजिनिअरला बहुधा करार, दावे आणि खर्च-नियंत्रण जड जाते. उदाहरणार्थ, ठरल्याप्रमाणे ४० टक्के काम व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ३० टक्के झाले आणि एकूण अंदाजपत्रकाच्या ३६ टक्के रक्कम खर्च झाली. येथे खर्च-निर्देशांक ३० भागिले ३६, म्हणजे सुमारे ०.८३, आणि वेळ-निर्देशांक ३० भागिले ४०, म्हणजे ०.७५ येतो. दोन्ही आकडे १ पेक्षा कमी आहेत, म्हणजे प्रकल्प मागे पडला आहे आणि महागही पडतो आहे. हे आकडे काढणे सोपे असते, पण त्यानंतर व्यवस्थापकाने पहिले पाऊल कोणते उचलावे, हे विचारणारा प्रश्न अनुभवी उमेदवारालाही चकवतो, कारण साइटवरची सवय आणि संस्थेच्या मानकांतली कार्यपद्धती नेहमी जुळतेच असे नाही. परीक्षेत मानकातल्या कार्यपद्धतीला धरून उत्तर द्यावे लागते.

पीएमपीचा अर्ज मंजूर झाला की परीक्षा देण्यासाठी एक वर्ष मिळते आणि त्या काळात जास्तीत जास्त तीन वेळा बसता येते. मोठ्या काँक्रीट ओतकामाच्या किंवा हस्तांतरणाच्या आठवड्यात परीक्षेची तारीख घेऊ नये. आपल्याच प्रकल्पाचे वेळापत्रक समोर ठेवून, काम तुलनेने निवांत असेल असा पंधरवडा शोधावा, आणि मंजुरी आली त्याच आठवड्यात ती तारीख पक्की करावी.