सिकलसेलचा रुग्ण वॉर्डात आला की या चुका टाळा

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागात नोकरी करणाऱ्या सिस्टरला सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) नवीन नाही. तरी मोठ्या माणसाला क्रायसिस (या पेशी रक्तवाहिन्यांत अडकून उठणारं भयंकर दुखणं) येऊन तो भरती झाला की त्याच त्याच चुका होतात, आणि सगळ्यात महागात पडणारी चूक पहिल्या अर्ध्या तासातली असते.

"मोबाइल बघतोय, म्हणजे दुखत नाही"

हे वाक्य ड्युटी रूममध्ये सर्रास ऐकू येतं. लहानपणापासून दुखणं सोसलेला माणूस ओरडत नाही. तो कुशीवर पडून मोबाइल चाळतो, कारण लक्ष दुसरीकडे वळवायचा तेवढाच उपाय त्याच्या हातात असतो. क्रायसिसमध्ये नाडी आणि बीपी नॉर्मल असू शकतं, एक्स-रेत काही दिसत नाही आणि दुखणं किती आहे हे दाखवणारी रक्ताची तपासणीही नाही. "हाडं फुटून राह्यले जी सिस्टर" असं तो म्हणाला, तर तीच तपासणी समजा. ० ते १० मध्ये किती दुखतंय ते विचारा, आकडा केसपेपरवर वेळेसकट लिहा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. वेदनाशामक ३० मिनिटांत, फार तर तासाभरात मिळायला हवं. त्यानंतर दर अर्ध्या-एक तासाने पुन्हा विचारा. इंजेक्शन देऊन थेट पुढच्या राउंडलाच त्याच्याकडे फिरकणं ही अर्धीच सेवा झाली.

"हा नेहमीच येतो, याला इंजेक्शनची सवय लागलीय" हा शेरा तर नोट्समध्ये कधीच लिहू नका. पुढची प्रत्येक सिस्टर त्याच चष्म्यातून त्याच्याकडे बघते. मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाची भीती असेल तर ती मॉनिटरिंगने घालवा: श्वास मोजा, गुंगी किती आहे बघा, ऑक्सिजन बघा. श्वास मिनिटाला १० च्या खाली गेले किंवा हाक मारून जाग येत नसेल, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा.

दुखऱ्या जागी बर्फ नको. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि विळ्याच्या आकाराच्या पेशी आणखी अडकतात. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून द्या.

सलाईन लावलं की झालं?

नाही. पाणी कमी पडलं तर क्रायसिस वाढतो हे खरं, पण बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर पाणी फुप्फुसात उतरतं. पिता येत असेल तर तोंडानेच पाजा आणि इनटेक-आउटपुट (पाणी किती गेलं, लघवी किती झाली) लिहा. आणखी एक फसगत: या रुग्णांच्या किडन्या लघवी घट्ट करू शकत नाहीत. त्यामुळे शरीर कोरडं पडलं तरी लघवी पातळ आणि भरपूर होते. तिच्या रंगावर विसंबू नका. ऑक्सिजनचंही तसंच. ९५ टक्क्यांच्या वर असताना उगाच नळी लावून ठेवू नका.

छाती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडते

बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, आणि दुखणं जरा कमी झाल्यावर सगळे निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच ताप, खोकला, छातीत कळ आणि ऑक्सिजन खाली असं चित्र सुरू होतं. हा अ‍ॅक्यूट चेस्ट सिंड्रोम, यात माणूस दगावू शकतो. श्वासाच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं स्पायरोमीटर उशाशी नुसतं ठेवू नका. जागेपणी दर दोन तासांनी १० श्वास समोर उभं राहून करून घ्या. तोंडाने हवा आत ओढायची असते. बरेच जण फुगा फुगवल्यासारखे फुंकत बसतात.

ताप ३८.५ सेल्सिअसच्या पुढे गेला तर नुसतं पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका. जंतूंशी लढणारी प्लीहा (पोटातला अवयव) हाताला लागत असली तरी ती काम करतेच असं नाही. ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते बघणारी तपासणी) घ्या आणि अँटिबायोटिकला उशीर होऊ देऊ नका.

रक्ताची घाई

एचबी (हिमोग्लोबिन) ७.५ आलं की नातेवाईक ब्लड बँकेकडे धावतात. आधी त्याचं नेहमीचं एचबी किती असतं ते विचारा. अनेकांचं ७-८ च असतं, आणि साध्या क्रायसिसला रक्त लागत नाही. लागलंच, तर रुग्ण सिकलसेलचा आहे आणि आधी रक्त चढलंय हे मागणीपत्रावर लिहा, म्हणजे जास्तीचं मॅचिंग करता येतं. गेल्या महिन्यात रक्त चढवलं असेल आणि आता दुखणं, गडद लघवी, एचबी आधीपेक्षाही कमी असं असेल, तर ती रक्ताची उशिरा आलेली रिअ‍ॅक्शन असू शकते. ताबडतोब डॉक्टरांना सांगा. पुढची बाटली आगीत तेल ठरू शकते.

फॉलिक अ‍ॅसिड चालतं, पण "रक्त कमी आहे" म्हणून लोहाची गोळी आपल्या मनाने नको. वारंवार रक्त घेतलेल्यांच्या अंगात लोह आधीच साठलेलं असतं.

तरुण पुरुष रुग्णाला न विचारल्यास तो सांगणार नाही, म्हणून सरळ विचारा: लिंगाला ताठरता येऊन ती उतरत नाही असं होतं का? संकोच वाटत असेल तर ब्रदरला विचारायला सांगा. चार तासांपुढे गेली तर ती इमर्जन्सी.

हायड्रॉक्सियुरिया (क्रायसिस कमी करणारं रोजचं औषध) घरी चालू होतं का, तेही भरतीच्या वेळीच बघा. ड्रग चार्टवर चढलं नाही म्हणून ते आपोआप बंद पडतं. कॅप्सूल फोडू नका, हातमोजे घालून द्या, आणि बाई असेल तर पाळी चुकली आहे का ते विचारा.

सुट्टी देताना कार्डावर एएस (नुसता वाहक) की एसएस (आजार असलेला), नेहमीचं एचबी, नेहमीचा ऑक्सिजन आणि कोणत्या औषधाने आराम पडला हे लिहून द्या. रात्री दोन वाजता तो दुसऱ्याच दवाखान्यात पोचला, तर तिथल्या सिस्टरच्या हातात तेवढाच कागद असेल.