ॲडव्हेंटच्या आठवड्यांत फ्रँकोनियातील जुनी शहरे कशी पाहावीत

नोकरीनिमित्त जर्मनीत येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या वर्षी साहजिकच असे वाटते की सुट्टी २५ डिसेंबरला आहे, तर फिरायलाही त्याच सुमारास निघावे. प्रत्यक्षात तोवर सगळे आटोपलेले असते. दिवाळीची खरी गजबज जशी लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या बाजारात असते, तशी इथली रोषणाई, बाजार आणि वर्दळ नाताळच्या आधीच्या चार रविवारांभोवती, म्हणजे ॲडव्हेंटच्या काळात असते. पहिला ॲडव्हेंट रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला आहे. बहुतेक नाताळबाजार त्याच्या आगेमागे सुरू होऊन २३ किंवा २४ डिसेंबरला उठतात. त्यामुळे रजा शिल्लक असेल तर ती २५ नंतर न टाकता डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातल्या मंगळवारी किंवा बुधवारी टाकावी. शनिवारी याच गल्ल्यांतून चालणेही कठीण होते.

या लेखापुरता मुक्काम न्यूरेम्बर्ग किंवा शेजारच्या एर्लांगेनमध्ये आहे असे धरले आहे, कारण तिथून फ्रँकोनियातील, म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागातील जुनी शहरे साध्या रेल्वेने एका दिवसात पाहून होतात. प्रवासासाठी डॉइचलँडटिकीट असल्यास वेगळे काही काढावे लागत नाही. जानेवारी २०२६ पासून त्याचे महिन्याला ६३ युरो पडतात आणि ते देशभरातील प्रादेशिक गाड्या, ट्राम व बस यांना चालते. आयसीई आणि आयसी या जलद गाड्यांत मात्र चालत नाही. हे तिकीट मासिक वर्गणीचे असल्यामुळे केवळ डिसेंबरपुरते घेतले असेल तर त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावे, अन्यथा जानेवारीचे पैसेही कापले जातात. ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच वापरता येते. पाहुणे आलेले असतील तर बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरियातील प्रादेशिक गाड्यांचे एका दिवसाचे तिकीट, अधिक सोयीचे ठरते, कारण ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येते. फक्त सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते, हे पाहून गाडी निवडावी.

न्यूरेम्बर्गचा बाजार पहिल्या ॲडव्हेंटच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळी सुरू होतो. सोनेरी केसांचा टोप घातलेली ‘ख्रिस्टकिंड’ (बाल येशू) म्हणून निवडलेली मुलगी फ्राउएनकिर्शे या चर्चच्या सज्जातून स्वागताच्या ओळी म्हणते. दर दोन वर्षांनी नव्याने निवडल्या जाणाऱ्या या मुलींपैकी २०१९ मध्ये निवडलेलीचे वडील भारतीय वंशाचे होते. मात्र हा उद्घाटनाचा सोहळा गर्दीत ताटकळून पाहण्यापेक्षा एखाद्या कामाच्या दिवशी दुपारी बाजाराला फेरी मारावी. तेवढी पुरते.

खरा वेळ रोथेनबुर्ग ओब देर टाउबरसाठी राखून ठेवावा. न्यूरेम्बर्गहून आन्सबाख आणि श्टाइनाख येथे गाडी बदलत तिथे साधारण सव्वा तासात पोहोचता येते. श्टाइनाखहून निघणारी छोटी गाडी तासाला एखादीच असते आणि आधीच्या गाडीला उशीर झाला तर ती हातची जाते. म्हणून परतीचा बेत शेवटच्या गाडीवर कधीही ठेवू नये. डिसेंबरच्या मध्यास सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो. त्यामुळे अकरापर्यंत पोहोचून आधी उजेडात गाव पाहावे आणि अंधार पडल्यावर बाजारात शिरावे, हाच क्रम योग्य आहे. उजेडात सर्वप्रथम तटबंदीवर चढावे. छपराखालून जाणारी ही वाट विनामूल्य खुली असते आणि पावसातही चालता येते. चालताना भिंतीत बसवलेल्या नावांच्या शिळा दिसतील. ३१ मार्च १९४५ रोजी झालेल्या बॉम्बहल्ल्यात गावाचा मोठा भाग जळाला आणि तटबंदीही पडली. पुढे देणगीदारांच्या मदतीने ती उभारली गेली, त्या देणगीदारांची ही नावे आहेत. मध्ययुगीन म्हणून ज्या गावाची ख्याती, त्याचा बराचसा भाग विसाव्या शतकात पुन्हा बांधलेला आहे, हे ठाऊक असले की छायाचित्रांपलीकडचे गाव दिसू लागते. जमल्यास एक रात्र तिथेच राहावे. संध्याकाळी पर्यटकांच्या बस निघून गेल्यावर गल्ल्या मोकळ्या होतात आणि रात्रीच्या पहारेकऱ्याच्या वेशातील वाटाड्याबरोबर इंग्रजीतून होणारी फेरीही करता येते.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी माणसाने उपाशी राहण्याचे कारण नाही, पण विचारून घेणे आवश्यक आहे. सफरचंदाच्या गराबरोबर मिळणारे बटाट्याचे तळलेले रायबेकुखेन, चीज घातलेले श्पेट्झले (अंडे घातलेल्या पिठाच्या शेवया), भाजलेले चेस्टनट आणि साखरेत घोळवलेले बदाम सहज मिळतात. फ्लामकुखेन या पातळ भाजलेल्या रोटीवर बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, म्हणून त्यांच्याविना मागावे. तळलेल्या गोड पदार्थांसाठी तेल वापरले आहे की प्राण्याची चरबी, हे विचारायला संकोच करू नये; विक्रेत्यांना या प्रश्नाची सवय असते. दारू न घेणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी किंडरपुन्श हे मद्यविरहित गरम पेय असते. कपाची अनामत रक्कम पेयाच्या किमतीबरोबरच घेतली जाते आणि कप परत केला की ती मिळते, पण कप आवडला तर तो घरी न्यावा, त्यात काही गैर नाही. अनेक टपऱ्या कार्ड घेत नाहीत, म्हणून सुटे युरो खिशात असावेत.

या दिवसांत आईवडिलांना बोलवायचे असेल तर तयारी उन्हाळ्यातच सुरू करावी. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. खर्चाची हमी यजमान घेणार असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून हमीपत्र करून घ्यावे लागते आणि त्याची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जाऊ शकतात. ज्येष्ठांसाठी जाड कोटाइतकेच महत्त्व बुटांना द्यावे: जुन्या गावांचे रस्ते गोट्यांचे असतात, ओल धरली की निसरडे होतात, आणि थंडी तळव्यांतूनच वर चढते. पुण्याहून आणलेले चालण्याचे साधे बूट इथे पुरत नाहीत.

२४ डिसेंबरला दुकाने दुपारी दोनपर्यंत बंद होतात. २५ आणि २६ या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. २०२६ मध्ये २५ तारीख शुक्रवारी येते, म्हणजे रविवार धरून सलग तीन दिवस दूध-भाजी मिळणार नाही. मोठ्या स्थानकांतील दुकाने उघडी असतात, पण तिथे दर चढे आणि रांगा लांब असतात. २३ तारखेलाच किराणा भरून घ्यावा आणि हे दिवस घरी मित्रमंडळींबरोबर घालवावेत.

ज्यांना रजा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच मिळते, त्यांनी फ्रँकोनियातलेच बाम्बेर्ग हे शहर निवडावे. रेग्निट्स नदीच्या मधोमध उभे असलेले जुने नगरभवन आणि पोप क्लेमेंट दुसरे यांची समाधी असलेले कॅथेड्रल यांसाठी बाजाराची गरज लागत नाही. शिवाय येशूजन्माच्या देखाव्यांची तिथली मालिका चर्च आणि संग्रहालयांतून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत मांडलेली असते. ६ जानेवारीला बव्हेरियात पुन्हा सुट्टी असते व दुकाने बंद राहतात, तेव्हा त्या दिवशी जायचे झाल्यास जेवणाची जागा आदल्या दिवशीच आरक्षित करावी.