कंपनीचा स्टिरिओ काढून नवा डेक बसवताना

गाडीसोबत आलेला स्टिरिओ सहसा एकदम मरत नाही. आधी एका बाजूचा आवाज जातो, मग डिस्प्लेवरचे अर्धे आकडे दिसेनासे होतात, मग खड्ड्यात बंद पडतो आणि पुढच्या खड्ड्यात आपोआप चालू होतो. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं : नवा टाका. टाकायला हरकत नाही, पण आधी अर्धा तास मल्टीमीटर (व्होल्ट, ओहम, करंट मोजणारा मीटर) घेऊन बसा. बिघाड तारेत असेल तर नवा डेकही जुन्यासारखाच वागेल.

सुरुवात फ्यूजपासून. ते दोन असतात : एक गाडीच्या फ्यूज बॉक्समध्ये, दुसरा बऱ्याचदा स्टिरिओच्या पाठीवर, १० किंवा १५ अँपियरचा. तोच फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर कुठेतरी तार शॉर्ट आहे. अशा वेळी मोठा फ्यूज घालणं म्हणजे डॅशबोर्डच्या आतल्या तारेलाच फ्यूज बनवणं.

मग स्पीकर. स्टिरिओचा कपलर (पाठीमागे तारा एकत्र जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) काढून प्रत्येक स्पीकरच्या दोन तारांमधला रेझिस्टन्स बघा. ४ ओहमचा धडधाकट स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ४ दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर कॉइल किंवा तार तुटली आहे. शून्याजवळ दाखवलं तर शॉर्ट. नंतर मीटरचं एक टोक गाडीच्या बॉडीला आणि दुसरं स्पीकरच्या एकेका तारेला लावा. इथे मात्र काहीच दिसता कामा नये. दिसलं, तर ती तार पत्र्याला घासून सोलली आहे, आणि स्टिरिओ ‘प्रोटेक्ट’मध्ये (स्वतःला वाचवायला आवाज बंद करून) जाऊन गप्प बसण्याचं कारण बहुधा तेच.

मीटर लावलेलाच ठेवून दार उघडून-मिटून पाहा. आकडा उड्या मारत असेल तर दार आणि खांबाच्या मधल्या रबरी नळीत तार तुटली आहे. रोज दहा वेळा वाकणारी तार कधीतरी तुटायचीच. पावसाळ्यानंतर आणि समुद्रकाठच्या गाड्यांत आणखी एक दुखणं आढळतं : दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागद फाटलेला असतो, पाणी थेट स्पीकरवर ठिबकतं आणि कागदी कोन फुगून खरखरतो. तिथे डेक बदलून काहीच हाती लागणार नाही.

स्पीकर आणि तारा ठीक निघाल्या, तर दोषी स्टिरिओच.

काय काय विकत घ्यायचं

डेकच्या मापांना नाव आहे डिन. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटरचं तोंड, डबल डिन म्हणजे १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० असते, म्हणून तिथे साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि पट्ट्या लावाव्या लागतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या बऱ्याच हॅचबॅकमध्ये कंपनीचा स्टिरिओ डॅशबोर्डच्या आकारात घडवलेला असतो. त्याच्या जागी नेमक्या त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षांची फ्रेम, म्हणजे डेकभोवतीची चौकट, लागते. ‘थोडी घासली की बसेल’ असं दुकानदार म्हणाला तर ती फ्रेम तिथेच ठेवा.

मेकलेस, म्हणजे सीडी नसलेला डेक खोलीला आखूड असतो. हा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे, कारण मागे कपलर आणि तारांचा गुंडाळा मावायला जागा लागते.

खोक्यावरच्या ‘५० वॉट बाय ४’वर जाऊ नका. ४ ओहमच्या स्पीकरला १४.४ व्होल्टवर बिनफाटका आवाज फार तर २५-२६ वॉटचा मिळतो, आणि प्रत्यक्षात २०च्या आसपास. त्यापलीकडे स्वतंत्र अँप्लिफायरच हवा. जपानहून आलेले जुने डेक स्वस्तात दिसतात, पण त्यांतल्या अनेकांचा एफएम ७६ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होऊन ९०च्या आसपास संपतो. आपली बहुतेक स्टेशनं ९१च्या पुढे, म्हणजे रेडिओ असून नसल्यासारखा.

डेकसोबत तीन गोष्टी घ्याच : फ्रेम, गाडीच्या मॉडेलचा कपलर आणि अँटेनाचा जोड. स्टीअरिंगवर बटणं असतील तर डेकला त्याची तार आहे का ते विचारा. मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात किंवा पुण्यात नाना पेठेत कपलर सहज मिळतो. तो न घेता गाडीची वायरिंग कापून थेट पिळायची पद्धत सर्रास आहे, पाच मिनिटं वाचतात म्हणून. पुढचे सगळे त्रास तिथूनच सुरू होतात. शिवाय वॉरंटीतल्या गाडीत कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

जुना काढणं

सिक्युरिटी कोड असलेला स्टिरिओ असेल तर कोड आधी शोधून ठेवा. किल्ली काढा, १० नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि एअरबॅगच्या गाडीत काही मिनिटं थांबा. डॅशबोर्डमध्ये पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना हात नाही. स्टिरिओ काढून होईपर्यंत किल्ली फिरवायचीही नाही.

पॅनल बहुतेक गाड्यांत क्लिपांवर असतं. स्क्रूड्रायव्हर घातलात तर कायमचा ओरखडा पडेल. प्लॅस्टिकची ट्रिम काढणी वापरा किंवा जुन्या एटीएम कार्डाला कापड गुंडाळा. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करून थोडं थोडं फिरत जा. एखादी जागा हट्टाने सुटत नसेल तर तिथे लपलेला स्क्रू असणार. हॅझर्डच्या बटणाची तार पॅनलला जोडलेली असते, तेव्हा एकदम ओढू नका. पॅनल सुटल्यावर स्टिरिओला धरणारे स्क्रू दिसतात, सहसा चार. ते खाली पडले तर गिअरच्या कन्सोलमध्ये जातात, म्हणून आधी तिथे फडकं अंथरा.

तारा

डेकच्या बाजूला रंग बहुतेक ठरलेले आहेत. पिवळी तार म्हणजे कायमचे १२ व्होल्ट. लाल म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारे १२ व्होल्ट. काळी अर्थिंगची, नारिंगी हेडलाइटसोबत डिस्प्ले मंद करणारी, निळी अँटेनाची आणि निळी-पांढरी अँप्लिफायर चालू करणारी. स्पीकरच्या तारा : पांढरी पुढचा डावा, राखाडी पुढचा उजवा, हिरवी मागचा डावा, जांभळी मागचा उजवा, काळी रेघ असलेली ती मायनस. गाडीच्या बाजूला मात्र रंगांवर विश्वास ठेवू नका. बॅटरी परत जोडा, मीटर लावा, किल्ली बंद-चालू करून कुठे काय येतं ते स्वतः पाहा, आणि तारा जोडण्याआधी बॅटरी पुन्हा सोडवा.

फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो, स्कोडा रॅपिड अशा गाड्यांत इथे हमखास अडतं. कपलरमध्ये किल्लीवरचा १२ व्होल्टच नसतो. किल्ली फिरल्याची खबर स्टिरिओला कॅन तारांवरून, म्हणजे गाडीतले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या तारांवरून, मिळते. एकतर ती खबर वाचून डेकला १२ व्होल्ट देणारा त्या गाडीचा कॅन बॉक्स घ्या, नाहीतर फ्यूज बॉक्समधून किल्लीवर चालणारा फ्यूज शोधून तिथून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून एक जादा तार काढून देणारा जोड) लाल तार आणा. ‘लाल-पिवळी एकत्र करून टाकू’ हा तिसरा उपाय बॅटरी खातो.

एक चूक डेक जाळते : स्पीकरची मायनस तार अर्थला जोडणं, किंवा चारही मायनस एकत्र पिळणं. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. मायनस म्हणजे अर्थ नव्हे.

जोड क्रिंप करून (धातूची नळी पकडीने दाबून) वर हीट श्रिंक, म्हणजे उष्णतेने आवळणारी नळी, चढवा. चिकटटेपचा गोंद उन्हात उभ्या गाडीत वितळतो, टेप सरकते आणि तारा उघड्या पडतात. वापरात नसलेल्या तारांची टोकंही एकेक करून झाका.

अर्थिंग कपलरमधूनच मिळतं, पण जुन्या गाडीत ते खात्रीचं नसतं. मीटरचं एक टोक डेकच्या काळ्या तारेवर, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवा आणि डेक मोठ्याने वाजवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बॉडीच्या रंग खरवडलेल्या बोल्टपर्यंत वेगळी तार न्या.

अँटेना बेसमध्येच अँप्लिफायर असलेला असेल तर निळ्या तारेचा १२ व्होल्ट त्याला मिळायलाच हवा. नवा डेक लावला आणि फक्त जवळचं एखादं स्टेशन लागतंय, अशी तक्रार आली की पहिला संशय याच तारेवर घ्या.

बंद करण्याआधी वाजवून पाहा

पॅनल लावायच्या आधी सगळं तपासा. बॅलन्स (डावा-उजवा) आणि फेडर (पुढचा-मागचा) फिरवून एकेक स्पीकर ऐका. सगळे वाजतात पण बास पोकळ वाटतो? एखाद्या स्पीकरच्या प्लस-मायनस उलट झाल्या आहेत. तारा डेकपासून सुटलेल्या ठेवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा : सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर येतो. जो आत जातो, तो उलटा.

किल्ली काढली की घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात? लाल-पिवळी अदलाबदल झाली आहे. काही कपलरवर या दोन तारांना मधे जोड असतात, ते उलटून लावले की झालं. इंजिनाच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शीळ ऐकू येते? ती अर्थिंगची, किंवा अँपच्या आरसीए तारा (डेकमधून आवाजाचा सिग्नल नेणाऱ्या) आणि पॉवरची तार एकाच बाजूने नेल्याची. फिल्टर विकत घेण्याआधी या दोन गोष्टी दुरुस्त करा. रेडिओवरच फक्त गुणगुण येत असेल तर डॅशकॅमचा स्वस्त चार्जर काढून पाहा.

अँप लावणार असाल तर पॉवर तार थेट बॅटरीपासून, आणि तिचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. अपघातात तार चिरडली तर हा फ्यूजच आग टाळतो. ‘४ गेज’ (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) लिहिलेली तार सोलून पाहा. आत चांदीसारखी दिसली तर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम, आणि त्याची क्षमता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांश. टिनचा थर दिलेलं तांबंही तसंच दिसतं, म्हणून टोक घासून बघा.

बॅटरीची चाचणी बहुतेक दुकानांत करत नाहीत. गाडी लॉक करून, बॅटरीच्या निगेटिव्ह खांब आणि केबलमध्ये मीटर १० अँपियरच्या खाचेत लावून अर्धा तास थांबा. (त्या अवस्थेत स्टार्टर मारलात तर मीटरचा फ्यूज गेलाच.) करंट ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. काही स्वस्त अँड्रॉइड डेक ‘झोपेत’ही जास्त करंट ओढतात. २०० मिलिअँपियर म्हणजे दिवसाला ४.८ अँपियर-तास, ३५ अँपियर-तासांची बॅटरी आठवडाभराच्या सुट्टीनंतर इंजिन फिरवणार नाही. डेकच्या सेटिंगमध्ये झोपेची मुदत कमी करता येते. तरी आकडा उतरत नसेल तर डेक परत करा, पावती असेपर्यंत.

आणि जुना स्टिरिओ भंगारात देऊ नका. तारा कापलेल्या नसल्या, तर गाडी विकताना तो जागेवर परत बसवायला स्क्रूड्रायव्हरपलीकडे काही लागत नाही, आणि नवा डेक पुढच्या गाडीत नेता येतो. फ्रेम आणि कपलर तेवढे बदलायचे.