घर जप्तीला निघाले असताना कुत्र्या-मांजरांसह भाड्याचे घर कसे शोधावे

गृहकर्जाचे हप्ते नव्वद दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते एनपीए, म्हणजे बुडीत चाललेले कर्ज, ठरवते आणि थकीत कर्जाची वसुली बँकेला कोर्टात न जाता करू देणाऱ्या सरफेसी कायदा, 2002 मधील कलम 13(2) प्रमाणे साठ दिवसांची नोटीस धाडते. हे साठ दिवस बहुतेक कुटुंबे नातेवाइकांकडे पैशांची जुळवाजुळव करण्यात घालवतात आणि घराचा शोध अधिकारी दारात उभे राहिल्यावर सुरू करतात. चार माणसांच्या कुटुंबाला जळगाव-धुळ्यात आठवड्याभरात खोली मिळूनही जाते. त्याच कुटुंबासोबत कुत्रा असला तर महिना-दीड महिना सहज लागतो. म्हणून पैशांची खटपट चालू ठेवावीच, पण नोटीस हाती पडली त्याच आठवड्यात घर पाहायलाही निघावे.

प्रथम आपल्या हाती किती दिवस आहेत ते मोजावे. नोटिशीला लेखी हरकत घेतल्यास बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. साठ दिवस उलटल्यावर ताब्याची नोटीस दारावर चिकटवली जाते आणि दोन वर्तमानपत्रांत छापली जाते. हा ताबा बहुधा कागदोपत्रीच असतो. प्रत्यक्ष ताबा घेण्यासाठी बँक सहसा कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश मिळवते, आणि त्यासाठी कायद्याने तीस दिवसांची, कारणे नोंदवून एकूण साठ दिवसांपर्यंतची मुदत ठेवलेली आहे. बँकेच्या ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत दाद मागता येते. कर्ज पतसंस्थेचे असेल, आणि खान्देशात ते अनेकदा असतेच, तर वाट वेगळी असते: तेथे सहकार कायद्याच्या कलम 101 खालील वसुली दाखला आणि नंतर वसुली अधिकाऱ्याकडून जप्ती असा क्रम असतो. दोन्ही बाबतीत कागद वकिलाला दाखवावेत. पात्र व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

आता प्राण्याचे कागद जमवावेत. रेबीजच्या लसीची चालू नोंद असलेले कार्ड, नसबंदी झाली असल्यास तिचा दाखला, पशुवैद्यकाची चिठ्ठी आणि सध्याच्या शेजाऱ्याने कुत्र्याचा त्रास नसल्याबद्दल लिहून दिलेल्या दोन ओळी, एवढे एका फाइलमध्ये असावे. शेजाऱ्याच्या त्या दोन ओळींचे वजन, माझ्या मते, बाकी सर्व कागदांपेक्षा अधिक पडते.

घर कोठे शोधावे, हा खरा प्रश्न आहे. गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. परंतु आपल्या सदनिकेत कोणाला ठेवायचे हे शेवटी घरमालकच ठरवतो, त्यामुळे ती तत्त्वे पुढे करून भाड्याचे घर मिळेल अशी आशा धरू नये. त्यापेक्षा मुले पुण्या-मुंबईला गेल्यामुळे रिकामी पडलेली रो हाउस, जळगावातील पिंप्राळा किंवा धुळ्यातील देवपूर अशा भागांतील अंगण असलेली जुनी घरे आणि गावाच्या कडेची बैठी घरे पाहावीत. बंद घराला राखण लागते, आणि तेथे कुत्रा ही अडचण न राहता सोय ठरते. घर मात्र दुपारी दोन वाजताच पाहावे. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो. पत्र्याखालच्या खोलीत भिंतीला तळहात टेकवून पाहिला आणि तो लगेच मागे घ्यावा लागला, तर ती खोली कुत्र्यासाठी नाही, आणि खरे म्हणजे माणसासाठीही नाही.

प्राण्याचा उल्लेख पहिल्याच फोनवर करावा. आम्ही एकदा तो लपवला होता. टोकन देऊन झाले, सामान टेम्पोत चढले आणि दारात मालकाने आमच्या मोत्याला पाहून विचारले, "कुत्रं शे का?" पुढचे बोलणेच झाले नाही, टेम्पोचे भाडे तेवढे दुप्पट पडले. त्यानंतर मी फोनवर एवढेच सांगत असे: "काका, आम्ही चौघे आहोत आणि एक कुत्रा आहे, लस झालेली आहे. तुम्ही आधी त्याला बघा, मग ठरवा." निम्मे लोक तेथेच नकार देतात, पण उरलेल्यांच्या घरी फुकट हेलपाटा होत नाही. जप्तीबद्दल मालकाने विचारल्यास लपवू नये. दारावर चिकटलेली नोटीस गल्लीभर झालेली असतेच, म्हणून दर महिन्याचे उत्पन्न कोठून येते ते दाखवावे आणि जमत असल्यास अनामत एका महिन्याने वाढवून द्यावी.

करार तोंडी ठेवू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असावे लागते, आणि ती जबाबदारी मालकाची असते. त्यात कोणता प्राणी, किती, नुकसान झाल्यास भरपाई कशी आणि अनामतीतून कशाची कपात होईल हे स्पष्ट लिहून घ्यावे. अकरा महिन्यांनी मालकाचा मुलगा पुण्याहून येतो आणि त्याला कुत्रे चालत नाही, तेव्हा हीच ओळ कामास येते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही: भाड्याने घेतलेले घरच गहाण नाही ना, हे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत किंवा मालमत्ता पत्रकात बोजा आहे का यावरून तपासावे. मालकाला 13(2) ची नोटीस मिळाल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीविना ते घर भाड्याने देणे कलम 13(13) ने वर्ज्य आहे, आणि एका जप्तीतून सुटून दुसरीत सापडण्याची वेळ येऊ शकते.

ताब्याच्या दिवशी घरात प्राणी नसावा. पंचनामा, कुलूप आणि अनोळखी माणसे यांच्या गडबडीत बांधलेला कुत्रा चावू शकतो आणि मांजर पळून जाते. नवे घर तयार नसेल तर कुत्रा काही दिवस गावाकडच्या मळ्यात किंवा नातेवाइकाकडे ठेवावा. रिकाम्या घरात मात्र सोडून जाऊ नये, कारण प्राण्याला उपाशी-तहानलेले टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मांजराला नव्या घरी पहिले आठ-दहा दिवस एकाच खोलीत, जुन्याच गोधडीवर ठेवावे, नाहीतर ते सवयीने जुन्या घराच्या, आता सील झालेल्या दाराकडे निघून जाते.