पेज, तारले आणि लोहाची गोळी: गरोदरपणात गोव्याचं ताट कसं मांडावं

दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा एका दवाखान्यातून मला आहाराचा छापील कागद मिळाला. ओट्स, ब्रोकोली, किवी, पनीर, बदामाचं दूध. सासूबाईंनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "ह्यांत नुस्तें खंय आसा?" म्हणजे, यात मासे कुठे आहेत? पुढच्या आठवड्यात तो कागद स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरलेला दिसला. मी काही बोलले नाही.

त्यांचं बरोबरच होतं. उकड्या तांदळाची पेज, हुमण (माशाची आमटी), तांबडी भाजी (लाल माठ), अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), नाचणी हे आपलं रोजचं जेवण गरोदर बाईला बरंचसं पुरतं. बदल करायचे ते थोडे, पण महत्त्वाचे आहेत: कुठला मासा, कुठलं मीठ आणि चहा कधी. ते इथे महिन्यांच्या क्रमाने सांगते. साखर, रक्तदाब किंवा थायरॉइड असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांचंच ऐकावं.

पहिली पायरी: पहिले तीन महिने फक्त तगून जा

या काळात जास्त जेवायची गरज नसते. वजन वाढलं नाही, अगदी किलोभर उतरलं, तरी घाबरू नका. चुकवू नये अशी गोष्ट एकच, फॉलिक अॅसिडची गोळी. रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि जमलं तर दिवस जायच्या आधीपासून. कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण चार आठवड्यांत बंद होते. बऱ्याच जणींना तोवर आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं.

मळमळीसाठी अंथरुणातून उठण्याआधी कोरड्या पोईचा (गोव्याच्या कोंड्याच्या पावाचा) किंवा टोस्टचा तुकडा चावून खा आणि मग दहा मिनिटांनी पाय खाली टाका. उपाशी पोटी चहा नको. दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं खा. मला दोन महिने पेज आणि तोंडी लावायला भाजलेला पापड यांनीच तारलं. सोलांचं पातळ पाणीही पोटात टिकायचं. फोडणीचा वास सोसत नसेल तर स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. हा सल्ला घरातल्या पुरुषांसाठी आहे. पाणीसुद्धा पोटात राहत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, तर घरगुती उपाय सोडून दवाखाना गाठा.

दुसरी पायरी: चौथ्या महिन्यापासून थोडी भर

"आता दोघांचं जेव" हे वाक्य तुम्ही ऐकणारच आहात. प्रत्यक्षात भारतीय आहारशास्त्राच्या शिफारशीप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे नाचणीच्या तिझनाची (पातळ खिरीची) एक वाटी, एक उकडलेलं अंडं आणि एक केळं. बस्स. भाताचा दुसरा डोंगर नव्हे.

जास्त लक्ष प्रथिनांकडे द्यायला हवं. मधल्या तिमाहीत रोज साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तिमाहीत २२ ग्रॅम जास्त लागतात. आपल्या ताटात भात खूप, हुमणाचा रस खूप आणि माशाची फोड एकच. ती फोडही बहुतेकदा घरधन्याच्या पानात जाते. म्हणून वाढण्याचा क्रम बदला. आधी मासा, अंडं किंवा उसळ, मग भाजी आणि शेवटी भात. मुगागाठीसारखा, म्हणजे मोड आलेल्या मुगांच्या उसळीसारखा, दुसरा पदार्थ नाही. मोड आलेले मूग कच्चे खाल्ले तर त्यातल्या जंतूंची भीती असते, इथे ते चांगले शिजतात.

तिसरी पायरी: मासा निवडायला शिका

गरोदर बाईचा मासा बंद करणारी घरंही मी पाहिली आहेत, "बाळाला खाज सुटते" म्हणून. असं काही नसतं. आठवड्याला दोन-तीन वेळा, मिळून साधारण २२५ ते ३४० ग्रॅम मासे खावेत. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ चरबी तारल्यांत (सार्डिन) आणि बांगड्यांत भरपूर असते. दोन्ही मासे स्वस्त आणि लहान. लहान असणं हाच त्यांचा मोठा गुण. समुद्रातला पारा लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो, म्हणून जितका मोठा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा मासा, तितका त्याच्यात पारा जास्त. तो बाळाच्या मेंदूला बाधतो.

मोरी (शार्क) या नऊ महिन्यांत आणि बाळंतपणानंतरही खाऊ नये. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे, तिथे आजेसासूबाईंशी जरा गोडीने बोलावं लागेल. त्याऐवजी मुडदुशी हे लहान मासे द्या म्हणावं. इसवणही (सुरमई) मोठा शिकारी मासा आहे. पाहुणे आले, लग्नकार्य असलं तर एखादा तुकडा ठीक, रोजच्या ताटात नको. सुंगटं (कोळंबी) चालतात. तिसऱ्यो आणि खुबे या शिंपल्याही चालतात, त्यांत लोह आणि बी-१२ चांगलं असतं. पण शिंपल्या पूर्ण उघडेपर्यंत शिजवा आणि ज्या उघडल्या नाहीत त्या फेकून द्या. बांगडा उन्हात किंवा बर्फाविना तासन्‌तास पडलेला असेल तर घेऊ नका. त्याने अंगावर गांधी उठतात, आणि तो दोष शिजवूनही जात नाही.

आता पावसाळ्याचा हिशेब. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि श्रावण पाळणाऱ्या घरांत ती बंदी चतुर्थी होईपर्यंत लांबते. ज्यांचा पाचवा-सहावा महिना या दिवसांत येतो त्यांचं ताट नकळत भात-सोलकढीवर येऊन थांबतं. तेव्हा रोज अंडं, अळसांद्यांची किंवा चण्यांची उसळ, दही, आणि मूठभर अक्रोड किंवा चमचाभर जवसाची चटणी ठरवून खा. अंडंही चालत नसेल तर बी-१२ तपासायला सांगा. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर) चिमूटभर चालेल. खारा बांगडा मात्र मिठाने भरलेला असतो.

चौथी पायरी: लोहाची गोळी आणि चहा यांची ताटातूट

रक्तातलं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की गरोदरपणात तो रक्तक्षय धरतात. सरकारी आरोग्य केंद्रात चौथ्या महिन्यापासून मिळणाऱ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असतं. ती रोज एक, निदान १८० दिवस घ्यायची. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणीही होते.

गोळ्या मिळतात आणि उशाखाली साठतात. कारण मळमळ, बद्धकोष्ठ आणि काळा शौच. काळा शौच हा लोहाचाच रंग, घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर तासाभराने घ्या, सोबत लिंबूपाणी. क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. चहा-कॉफीने उलट होतं. गोव्यात संध्याकाळी चारचा चहा सुटणं अशक्य, हे मला मान्य आहे. तेव्हा चहा घ्या, पण जेवण आणि गोळी यांच्यापासून एक-दोन तास लांब. दिवसाला दोन कपांवर जाऊ नका.

ताटात तांबडी भाजी, अळसांदे, तिसऱ्यो असू द्या. भाजीवर लिंबू पिळा किंवा नंतर पेरू खा. लोखंडी कढईत भाजी केली तर थोडी भर पडते. एवढ्याने गोळी मात्र चुकत नाही. बीट-डाळिंबाच्या रसावर विसंबून गोळी सोडणाऱ्यांची मला काळजी वाटते.

पाचवी पायरी: कॅल्शियम, आणि मिठाचा डबा

कॅल्शियम दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे असतं, पण एका वाटी तिझनात जेमतेम तीस ग्रॅम नाचणी पडते. म्हणजे नाचणीचा गौरव करावा, पण हिशेब सोडू नये. जोडीला दोन पेले दूध किंवा दही, तीळ, काट्यांसकट चावता येणारे तारले. डॉक्टर देतात ती गोळी जेवणासोबत घ्या. लोहाच्या गोळीबरोबर नको, दोन्ही एकमेकींना अडवतात.

मिठाबद्दल फारसं कोणी सांगत नाही. पेडण्यातल्या आगरवाड्यासारख्या मिठागरांतलं जाडं मीठ चवीला छानच, पण ते आयोडीन घातलेलं नसतं. बाळाच्या मेंदूसाठी रोज २५० मायक्रोग्रॅम आयोडीन हवं. रोजच्या स्वयंपाकाला पाकिटातलं आयोडीनयुक्त मीठ वापरा आणि आगराचं मीठ तोरांच्या (कोवळ्या कैऱ्यांच्या) लोणच्यासाठी ठेवा.

सहावी पायरी: साखरेची तपासणी आणि भात

पहिल्या भेटीत, आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी देऊन दोन तासांनी साखर बघतात. १४० मिलिग्रॅम किंवा त्यापुढे आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. तेव्हा भात पूर्ण तोडायचा नसतो. एका वेळी एक वाटी उकडा भात, पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याची पोई, आणि जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फिरणं. माडाचा गूळ "नैसर्गिक" म्हणून चालतो असं समजू नका, साखर ती साखरच.

काय टाळायचं, थोडक्यात

कच्ची आणि अर्धवट पिकलेली पपई टाळा, तिच्या चिकात गर्भाशय आकुंचित करणारे घटक असतात. पूर्ण पिकलेली खाल्लेली चालते. अननसाच्या दोन-चार फोडी निर्धास्त खा. उर्राक आणि फेणी या काजूच्या दारू औषध म्हणूनही नाहीत. कच्चं दूध, अर्धवट उकडलेलं अंडं, आतून गुलाबी राहिलेलं चिकन नको. कलेजी रोज नको, तिच्यात अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर असतं. पावसात विहिरीचं पाणी उकळून प्या.

शेवटचे दोन महिने

पोट वर चढतं आणि दोन घासांत भरतं. छातीत जळजळ होते, पाय सुजतात. दिवसातून सहा वेळा थोडंथोडं खा, रात्रीचं जेवण झोपण्यापूर्वी दोन-अडीच तास आटपा. कढीत तिखट कमी करा. डोहाळजेवणाला ताटभर गोड समोर येईल, त्यातला प्रत्येकी एक घास खाऊन उरलेलं नणंदेकडे सरकवा. चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं सारखं दुखलं किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ती रक्तदाबाची लक्षणं असू शकतात. त्यावर मीठ कमी करून भागत नाही, त्याच दिवशी दवाखान्यात जा.

आणि बाळंतपणाच्या पिशवीत दुपट्यांच्या बाजूला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची पाकिटंही ठेवा. बाळ झाल्यावरही त्या १८० दिवस घ्यायच्या असतात, आणि घरी आल्यावर त्या कुठे ठेवल्या ते कुणाला आठवत नाही.